सुई कुठे पडते?

सकाळचे साडेसहा वाजलेत. जिल्ह्याच्या गावातलं सरकारी रुग्णालय, पुरुषांचा मेडिकल वॉर्ड. रात्रपाळीच्या सिस्टरची सकाळची इंजेक्शनं चालली आहेत. ट्रॉलीवर स्टीलचा ट्रे, त्यात भरून ठेवलेल्या सिरिंज, स्पिरिटचे बोळे, आणि ट्रॉलीच्या कडेला बसवलेला एक छोटा पांढरा डबा. तिसऱ्या कॉटवरच्या आजोबांना इंजेक्शन दिलं, ‘बोळा दाबून धरा हां बाबा’ म्हटलं, आणि सिस्टरने सुई त्या डब्याच्या खाचेत घालून मूठ दाबली. कट्‌ असा आवाज झाला. सुई डब्यात पडली, सिरिंजचं प्लास्टिक लाल बादलीत गेलं, रक्त लागलेला बोळा पिवळ्या बादलीत. सुईवर टोपण परत बसवायला ती गेली नाही. हे सगळं होईतो आजोबांनी हात खालीसुद्धा घेतला नव्हता.

त्याच वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशी मला नंतर जिन्याखाली भेटल्या. कंत्राटावर काम करतात, सात वर्षं झाली. उजव्या हाताची तर्जनी पुढे करून म्हणाल्या, “इथं लागली होती. आता काही दिसत नाही.” दोन वर्षांपूर्वी त्या साध्या कचऱ्याची काळी पिशवी बांधत होत्या. चहाचे कप, केळ्याच्या साली, वर्तमानपत्राचे कागद, आणि त्यात कुणीतरी टाकलेली सुई. पिशवीचं तोंड आवळताना ती हातमोज्यातून बोटात गेली. कोणत्या पेशंटची, कळायला मार्ग नाही. अठ्ठावीस दिवस एचआयव्हीच्या प्रतिबंधाच्या गोळ्या घेतल्या. मळमळ, चक्कर, तरीही कामाला सुट्टी नाही. मग तीन महिन्यांनी तपासणी, सहा महिन्यांनी तपासणी. “घरात कुणाला बोलले नाही. पोरीला वेगळ्या ताटात वाढायची. तिला वाटायचं आई रागावलीय.” दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या. एकत्र जेवल्याने हा आजार होत नाही, हे तेव्हा त्यांना कुणी बसवून सांगितलं नव्हतं.

“माझं काय चुकलं होतं? कुणीतरी घाईत होतं,” असं म्हणून त्या बादली उचलून निघून गेल्या.

रुग्णालयाच्या कचऱ्याबद्दल वाचताना, कागदपत्रं चाळताना, वॉर्डांतून आणि कचरा प्रक्रियेच्या आवारातून हिंडताना मला त्यांचं हे वाक्य पुन:पुन्हा आठवत राहिलं. या विषयात यंत्रं आहेत, कायदे आहेत, तापमानाचे आकडे आहेत. पण सगळी साखळी सुटते किंवा टिकते ती पहिल्या पाच सेकंदांत, वापरलेली वस्तू हातातून सुटते तेव्हा. आणि तिथे झालेल्या चुकीची किंमत चूक करणारा माणूस सहसा देत नाही.

मिठाचा खडा

रुग्णालयांत या कचऱ्याला सगळे ‘बीएमडब्ल्यू’ म्हणतात, म्हणजे बायोमेडिकल वेस्ट. सरकारी मराठीत जैववैद्यकीय कचरा. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब असा की, आरोग्यसेवेतून निघणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा तुमच्या-आमच्या घरातल्यासारखाच असतो. कागद, खोकी, उरलेलं अन्न. धोक्याचा असतो तो उरलेला १५ टक्के. त्यात रक्त लागलेलं, जंतुसंसर्ग पसरवणारं, टोचणारं, विषारी रसायनांचं आणि थोडंसं किरणोत्सारी असं सगळं येतं.

पण ही टक्केवारी खरी ठरते ती दोन्ही वेगळे ठेवले तरच. शंभर किलो कचऱ्यात पंधरा किलो घातक कचरा मिसळला की शंभरच्या शंभर किलो घातक झाला. दुधात मिठाचा खडा पडावा तसं. मग त्यातून निवडणं म्हणजे कुणाला तरी हात घालायला लावणं, आणि या कामात तेच करायचं नसतं. म्हणून ‘जिथे निर्माण होतो तिथेच वेगळा करा’ हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात पहिलं येतं.

भारतात आज रोज सातशे टनांच्या आसपास जैववैद्यकीय कचरा तयार होतो, आणि महाराष्ट्राचा वाटा त्यात मोठ्यांपैकी आहे. एवढ्या कचऱ्याला चार रंगांत बसवायचं काम २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी केलं. आधीचे १९९८ चे नियम कचऱ्याचे दहा प्रकार सांगत. वॉर्डाच्या धावपळीत दहा प्रकार कोण लक्षात ठेवणार? २०१६ मध्ये ते चारवर आले: पिवळा, लाल, पांढरा, निळा. पिवळ्यात जाळायचं ते: शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, बाळंतपणातली वार, रक्ताने भरलेलं ड्रेसिंग, प्लास्टर, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये निर्जंतुक करून पुन्हा वापरात आणता येईल असं प्लास्टिक: सलाईनच्या बाटल्या, नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुईविना सिरिंज. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात औषधांच्या काचेच्या कुप्या आणि शरीरातून काढलेले धातूचे रॉड-प्लेट.

वॉर्डाच्या भिंतीवर हा तक्ता चिकटवलेला असतो. चार रंगांच्या चार चौकटी, त्यात चित्रं. नव्या विद्यार्थ्याला तो पाठांतराचा भाग वाटतो. पण एकेका रंगामागे कुणी ना कुणी भोगलेलं आहे.

पांढरा डबा आणि लाल बादली

पांढऱ्याचं कारण मावशींच्या बोटात आपण पाहिलं. हेपटायटिस बी असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर शंभरातल्या तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. एचआयव्हीचं प्रमाण हजारात तीन. म्हणजे ज्या आजाराची सगळ्यांना भीती वाटते त्याहून कितीतरी अधिक सहज पसरणारा आजार हेपटायटिस बी आहे, आणि त्याला लस आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या, असं नियम स्पष्ट सांगतात. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगावं. एचआयव्हीच्या प्रतिबंधाची गोळी शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते. हे शेवटचं वाक्य कंत्राटी कामगाराला ठाऊक असतं का, आणि ठाऊक असलं तरी मुकादमाला सांगायची त्याची हिंमत होते का, यावर त्याचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं.

लाल बादलीची गोष्ट गुजरातेतल्या मोडासा गावात नेते. २००९ च्या सुरुवातीला तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या या गावात आणि आसपास काविळीचे रुग्ण अचानक वाढले. तपासात निघालं हेपटायटिस बी. लागण झालेल्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, अनेक जण दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या साथीचा अभ्यास केला. संशयाचं बोट वापरलेल्या सिरिंजकडे जात होतं. छापे पडले तेव्हा वापरलेल्या सिरिंजचे साठे मिळाले. दवाखान्यातून भंगारात, भंगारातून पुन्हा बाजारात, असा त्यांचा प्रवास चालू होता.

सिरिंजची सुई कापून टाकायची, प्लास्टिक वाफेत निर्जंतुक करायचं आणि नंतर त्याचे तुकडे करायचे, असे टप्पे नियमांत का आहेत हे मोडासा आठवलं की समजतं. निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, पण वस्तू शाबूत राहते. शाबूत वस्तूला भंगारात भाव येतो, आणि भाव आला की ती कुणाच्या तरी दंडापर्यंत पुन्हा पोहोचू शकते. म्हणून सलाईनची नळी कापायची, बाटलीला भोक पाडायचं, हातमोजा फाडायचा. निळ्या डब्यातल्या कुप्यांनाही हाच न्याय. लेबलासकट शाबूत कुपी म्हणजे बनावट औषध भरणाऱ्याला तयार भांडं.

जागतिक आरोग्य संघटनेचा २००० सालचा अंदाज असा होता की, दूषित सिरिंजमुळे त्या एका वर्षात जगात २ कोटी १० लाख लोकांना हेपटायटिस बीची आणि २ लाख ६० हजार लोकांना एचआयव्हीची लागण झाली. त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. भारताने लसीकरणात एकदाच वापरता येणाऱ्या, दांडा पुन्हा मागे न ओढता येणाऱ्या सिरिंज आणल्या. तरीही २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांगरमऊमध्ये डझनावारी लोक एचआयव्हीबाधित आढळले, आणि संशय पुन्हा एका सुईवरच आला, अनेकांना टोचलेल्या.

पिवळी पिशवी कुठे जाते

दुपारी बाराच्या सुमारास रुग्णालयाच्या मागच्या फाटकाशी बंद डब्याची पिवळी गाडी येते. दोघे जण उतरतात. गुडघ्यापर्यंत गमबूट, जाड हातमोजे, एप्रन. कचराखोलीचं कुलूप निघतं. आत रंगवार ठेवलेल्या पिशव्या, प्रत्येकीवर बारकोड. एक जण काट्यावर पिशवी टांगतो, दुसरा बारकोड वाचून घेतो आणि वजनाची नोंद करतो. एक लाल पिशवी खालून ओली आहे. तो ती बाजूला काढून सिस्टरना बोलावतो. “मॅडम, ही अशी नाही नेणार. डबल पिशवी करून द्या.” भांडण नाही, आवाज चढलेला नाही. सिस्टर मावशींना हाक मारतात, आणि दहा मिनिटांनी पिशवी गाडीत जाते. मला वाटलं, सगळ्या साखळीत नियमाचं खरं पालन मी याच काट्यापाशी पाहिलं.

प्रक्रिया न केलेला मानवी अवयवांचा आणि रक्तामांसाचा कचरा ४८ तासांहून अधिक काळ ठेवायचा नाही, हा नियम. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर रुग्णालयाने आपलं वेगळं जळित यंत्र उभारायचं नाही, हाही नियम. हा दुसरा नियम अनुभवातून आला. १९९६ मध्ये दिल्लीच्या कचऱ्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नास आणि त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना जळित यंत्र किंवा तितकाच परिणामकारक पर्याय बसवायला सांगितलं होतं. हेतू चांगला होता. पण गल्लोगल्ली धुराडी उभी राहिली तर त्यांच्यावर देखरेख कोण ठेवणार, आणि धुरातून काय बाहेर पडणार, हा प्रश्न पर्यावरण संघटनांनी लगेच उचलला. हळूहळू दिशा बदलली. जाळायचं ते मोजक्या, नीट चालणाऱ्या सामायिक केंद्रांत. बाकीचं वाफेने निर्जंतुक करायचं.

केंद्रातलं काम दोन वाटांनी जातं. लाल पिशव्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रचंड प्रेशर कुकरमध्ये. साध्या प्रकारच्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत किमान तासभर. यंत्र खरंच काम करतंय का हे तपासायला उष्णतेला सहज दाद न देणाऱ्या एका जिवाणूच्या बीजाणूंची कुपी आत ठेवतात. ते मेले, तर बाकीचे मेलेच. पिवळ्या पिशव्या भट्टीत जातात. पहिल्या कक्षात ८०० अंशांच्या आसपास कचरा जळतो, आणि निघालेला धूर दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास किमान दोन सेकंद राहावा लागतो. धुराडं किमान तीस मीटर उंच.

दोन सेकंद कशासाठी? कारण क्लोरिन असलेलं प्लास्टिक, मुख्यतः पीव्हीसी, अर्धवट जळलं की डायॉक्सिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांतलं सर्वांत विषारी कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केलं. नियमांची मर्यादा आहे धुराच्या प्रत्येक घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. म्हणूनच पिवळी पिशवी क्लोरिनविरहित प्लास्टिकचीच असावी लागते.

आता पुन्हा वॉर्डात या. कुणीतरी घाईत सलाईनची नळी लालऐवजी पिवळ्या बादलीत टाकतं. नळी पीव्हीसीची असू शकते. ती भट्टीत जाते. पाच सेकंदांच्या घाईचा धूर एखाद्या वस्तीवर उतरतो.

मुंबईत ही वस्ती गोवंडीची. देवनारच्या डंपिंग ग्राउंडच्या शेजारी, दाटीवाटीच्या आणि क्षयरोगाने आधीच ग्रासलेल्या भागात, शहरातल्या रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प वर्षानुवर्षं चालला. रहिवाशांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. मुंबईच्या चकचकीत रुग्णालयांतल्या कचऱ्याचा धूर सोसला तो ज्यांना त्या रुग्णालयांची पायरी चढणं परवडत नाही अशांनी. त्यांचा लढा न्याय्यच होता. पण पत्ता बदलल्याने पिशवीतला माल बदलत नाही. भट्टीत काय जातं ते वॉर्डात ठरतं.

याचा सगळ्यात मोठा धडा कोविडने दिला. घाबरलेल्या हातांनी जेवणाच्या थाळ्या, पाण्याच्या बाटल्या, वर्तमानपत्रं, सगळं पिवळ्या पिशवीत भरलं आणि भट्ट्यांवरचा ताण वाढला. साधा कचरा त्यात घालू नका, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला बजावून सांगावं लागलं. भीती समजण्यासारखी होती. पण भीतीपोटी सगळंच जाळणं ही सुरक्षितता नव्हे.

भट्टीविना काम करणारं तंत्रज्ञानही येतं आहे. तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर संस्थेने तयार केलेली ‘सृजनम’ ही यंत्रणा फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाली. रोज चारशे किलोची तिची क्षमता सांगितली गेली. ती टिकली, पसरली, तर आनंदच. पण तिच्यातही योग्य कचराच टाकावा लागेल.

जिथे गाडी पोहोचत नाही

सगळीकडे पिवळी गाडी येत नाही. दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सामायिक केंद्राची सोय नसेल तर नियम खोल खड्ड्याला परवानगी देतात. दोन मीटर खोल खड्डा, निम्मा भरला की वर चुना, मग माती. भोवती कुंपण, पिण्याच्या पाण्यापासून दूर. सुयांसाठी वेगळा पक्का खड्डा. साधी गोष्ट आहे, पण तीही कुणीतरी मनापासून करावी लागते. आडबाजूच्या एका केंद्रात मी असा खड्डा पाहिला. झाकण होतं, कुलूप होतं, आणि आत किती भरलं याची खूण करून ठेवलेली काठीसुद्धा होती. ते सांभाळणारा शिपाई म्हणाला, “गावातली पोरं इथं क्रिकेट खेळतात साहेब. कुलूप नसेल तर चेंडू आत जाणारच.” नियमाचं इतकं नेमकं कारण मला कोणत्याही परिपत्रकात मिळालं नव्हतं.

याच केंद्रांत बाळंतपणं होतात, आणि काही घरांतली माणसं वार मागून घेतात. आपल्याकडे वार मातीत पुरायची रीत जुनी आहे. तिच्यामागे आईच्या शरीराचा मान राखायची भावना आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. तिथल्या सिस्टर घरच्यांना शांतपणे समजावतात की केंद्राचा खड्डाही मातीचाच आहे आणि वार तिथेच जाईल. बहुतेक जण ऐकतात, असं त्यांनी सांगितलं.

मोठी अडचण आहे ती मधल्यांची. शहरांतल्या दोन-चार खाटांच्या नर्सिंग होमची, एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याची, रक्त तपासणाऱ्या छोट्या लॅबची. कायदा त्यांनाही लागू आहे. जनावरांच्या दवाखान्याला, रक्तदान शिबिराला, शाळेच्या प्रथमोपचार खोलीलासुद्धा. सामायिक केंद्राचे पैसे भरायचे, परवानगी काढायची, नोंद ठेवायची, आणि तरीही गाडी कधी दोन दिवसांनी येते, कधी तीन. मग रात्री एखादी पिशवी पालिकेच्या कचराकुंडीत जाते. यावर दंडाचा बडगा हवाच. पण त्याआधी गाडी वेळेवर यायला हवी. वेळेवर न येणारी गाडी चांगल्या माणसालाही चूक करायला लावते.

आपल्या घरातली सुई

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, हे सगळं रुग्णालयांचं काम. तसं नाही. आता रुग्णालय घरात आलं आहे. इन्शुलिनच्या सुया, साखर तपासायच्या लॅन्सेट, अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या लघवीच्या पिशव्या, जखमेचं ड्रेसिंग. हे बहुतेक घरांतून सरळ ओल्या-सुक्या कचऱ्यात जातं.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे, आणि ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. या कचरावेचक बायांनीच सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, अशी मागणी केली. पिशवी उघडणारीला आधी कळावं, एवढीच अपेक्षा. तेच सुयांनाही लागू होतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या आणि पालिकांनी दर वीस चौरस किलोमीटरला त्यासाठी संकलन केंद्र उभारावं असं सांगितलं. तुमच्या प्रभागात असं केंद्र आहे का, हे नगरसेवकाला विचारायला हवं. नसेल तर मागायला हवं.

तोवर एवढं तरी करा. जाड प्लास्टिकचा, घट्ट फिरकीचं झाकण असलेला रिकामा डबा घ्या. सुई वापरली की टोपण न बसवता सरळ त्यात टाका. तीन चतुर्थांश भरला की झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा, वर लाल शाईने ‘सुया’ लिहा. तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा जवळच्या रुग्णालयात घेतात का विचारा. नाही घेतला, तर कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळा द्या आणि तोंडाने सांगा: ताई, यात सुया आहेत.

त्या पिशवी उचलतात तेव्हा आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं.